शिफ्टची कळ

मित्रांनो, हळू बोललो तर समजून घ्या. माझा पंखा आता अडखळत फिरतो, आणि जरा जास्त वेळ चालू राहिलो की मी आपोआप बंद पडतो. मी एक जुना संगणक आहे. पांढरा होतो, आता पिवळा पडलो आहे. तुमच्या घरी माझे धाकटे भाऊबंद असतील, चपळ आणि देखणे. त्यांच्यापुढे माझी गोष्ट फारशी चकचकीत नाही. पण माझ्यासमोर बसून एका माणसाने आपले आयुष्य पुन्हा उभे केले. ते मी अगदी जवळून पाहिले आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या एका कारखान्यात झाला नाही. माझा डबा मुंबईहून आला, पडदा कुठल्याशा परदेशी बोटीतून आला, आणि जळगावातल्या एका दुकानात टेबलावर स्क्रू पिळून मला एकत्र करण्यात आले. ते साल होते एकोणीसशे पंचाण्णव. मला विकत घेतले तोताराम सरांनी. सर पदवीधर होते. मनासारखी नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी जळगावला लागूनच्या पिंप्राळ्यात आपल्या घराच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर क्लास काढला होता.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. चपला बाहेर काढून मुले आत येत. दसऱ्याला माझ्या डोक्यावर झेंडूची माळ चढे. शेजारच्या बायका दारातूनच डोकावून बघत आणि एकमेकींना विचारत, "याला खरंच सगळं कळतं का गं?" सरांची आई मला रोज फडक्याने पुसायची, आणि पुसताना माझ्याकडे पाहुण्याकडे बघावे तसे बघायची.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. सर खिडकीला ओले गोणपाट लावत, तरी माझ्या पोटात भट्टी पेटलेली असे. वीज न सांगता जायची. मुलांचे वाक्य अर्धे लिहून झालेले असे आणि मी तसाच डोळे मिटायचो. पुन्हा वीज आली की मला काही आठवत नसे, आणि मुले मलाच शिव्या देत. एक तुकडी शिकून जाई, दुसरी येई. बोटे आपटणारी, खडूने माखलेली, शेंगदाण्याचे फोलपट माझ्या कळांमध्ये पाडणारी. दोन वर्षांत मी थकलो. सरांनी दुसरी यंत्रे घेतली आणि मला कोपऱ्यात सरकवले.

त्याच कोपऱ्यात मला हिलाल भेटला.

दिवाळी नुकतीच झाली होती. दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा राहिला. वय सव्वीस-सत्तावीस असेल. उजवा हात त्याने पँटच्या खिशात घातला होता. मागे त्याची बायको लिला पदर खांद्यावरून घेऊन उभी होती.

"काय शिकायचंय?" सरांनी विचारले.

"जे एका हातानं होईल ते," हिलाल म्हणाला आणि त्याने हात खिशातून बाहेर काढला. अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटे नव्हती. कातडी अजून लाल होती.

सर घुटमळले. "भाऊ, टायपिंगला दहा बोटं लागतात."

"टायपिंगच्या क्लासमध्ये तेच सांगितलं, सर. म्हणून तर इकडे आलो."

मग सरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "त्या मशीनवर बस. तिथे कोणी घाई करणार नाही तुला."

हिलालची हकिकत मला पुढे हळूहळू कळली. तो धरणगावचा. बारावी झाल्यावर तो गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात कामाला लागला होता. यंत्रांना तेल घालणे, पट्टे ओढून बसवणे हे त्याचे काम. फिरत्या पट्ट्यावर जाळी असायला हवी. पण जाळी असली की तेल घालायला वेळ लागतो, म्हणून ती कधीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. एका हंगामात पट्ट्यापाशी रुईचा गोळा अडकला. तो काढायला हिलालने हात पुढे केला आणि पट्ट्याने हात ओढून घेतला. मालक जीवरामशेठ त्याला स्वतःच्या गाडीतून जळगावच्या दवाखान्यात घेऊन आले. दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला. बरा झाल्यावर म्हणाले, "आता मशीनवर नको. राखणीला ये." हिलाल गेला नाही. पिंप्राळ्यात त्याची थोरली बहीण कमलबाई राहत होती. तिच्या घरामागच्या खोलीत नवराबायकोने बिऱ्हाड मांडले. लिला पापड लाटायला जाऊ लागली आणि हिलाल माझ्यासमोर येऊन बसू लागला.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. उजवा हात माझ्या कळांना नुसता लागला तरी त्याचा चेहरा आवळून जाई. तो डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षर शोधे, दाबे, पुन्हा शोधे. शेजारच्या यंत्रांवर मुले भराभर हिशेबाची कामे शिकत होती, कारण नोकऱ्या त्यातच होत्या. हिलाल त्यांच्याकडे बघत नसे. घाम मात्र त्यालाच जास्त येई.

एकदा सर पुण्याहून आले ते एका पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन. इंटरनेटवर दिसणारी पाने कशी बनवायची, ते त्यात होते. "पुण्यात आता याची मागणी आहे म्हणतात," सर म्हणाले. "मलाही नीट येत नाही. कोणाला शिकायचंय?" कोणी हात वर केला नाही. इंटरनेट म्हणजे काय, हे पिंप्राळ्यात तेव्हा कोणी पाहिलेच नव्हते. हिलालने तो गठ्ठा मागून घेतला. त्याला हिशेबाची नोकरी कोणी देणार नव्हते. ज्या कामाला अजून कोणी माणूसच नाही, त्या कामात आपल्याला नाही म्हणायलाही कोणी नसेल, असे त्याला वाटले असावे.

मित्रांनो, ती पाने बनवायची म्हणजे खुणांची भाषा लिहायची. प्रत्येक खुणेच्या आधी एक टोकदार कंस उघडायचा आणि नंतर दुसरा टोकदार कंस बंद करायचा. हा कंस उमटवायचा असेल तर शिफ्ट नावाची कळ दाबून धरावी लागते आणि त्याच वेळी दुसरी कळ मारावी लागते. दोन हातांच्या माणसाला हे ध्यानातही येत नाही. हिलालला मात्र प्रत्येक ओळीत चार वेळा, सहा वेळा हे करावे लागे. तो दुखरा हात शिफ्टवर टेकवायचा, ओठ दाबायचा आणि डाव्या हाताने कंस मारायचा. कळ मी एकाच अर्थाने ओळखत होतो. दुसरा अर्थ मला त्याच्यामुळे समजला.

एक दिवस लिला त्याला बोलवायला आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. मग तिने स्टूल ओढले आणि त्याच्या उजव्या बाजूला बसली.

"कोनती दाबनी शे?" तिने गावाकडच्या बोलीत विचारले.

त्याने दाखवले. तिने बोट ठेवले.

"दाब," तो म्हणाला. तिने दाबली. त्याने कंस मारला. "सोड."

त्या दिवसापासून हे रोजचे झाले. पापड लाटून झाले की लिला यायची. तिच्या बोटांना उडदाचे पीठ लागलेले असे आणि माझी शिफ्टची कळ पांढरी होऊन जाई. दाब, सोड, दाब, सोड. क्लासमधली मुले हसायची. "हिलालभाऊचं मशीन जोडीनं चालतं," असे म्हणायची. लिला वळूनही बघायची नाही. तिचे डोळे पडद्यावर असत.

अशा रीतीने त्यांनी पहिले पान पुरे केले. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात गावाचे नाव आणि खाली चार ओळी. इंग्रजीच्या दोन चुकाही होत्या. ते पडद्यावर आले तेव्हा हिलाल खुर्चीत मागे टेकला.

"हे आते कोठे दिससे?" लिलाने विचारले.

"इंटरनेटवर टाकं की बठ्ठी दुनियामा."

सगळ्या दुनियेत म्हटल्यावर लिलाने खोलीभर नजर फिरवली. "पन आठे ते आपन दोनच जन देखी ऱ्हायनूत."

हिलाल हसला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच हसला होता.

उन्हाळा आला आणि पापडांचा हंगाम सुरू झाला. लिलाला दुपारी येता येईना. हिलाल पुन्हा एकटा पडला. हात आता पूर्वीइतका दुखत नव्हता, पण दोन्ही हातांचा मेळ बसत नव्हता. कंस उघडायचा आणि स्वल्पविरामच उमटायचा. पुसायचे, पुन्हा तेच. एका दुपारी त्याचा धीर सुटला. त्याने डाव्या हाताची मूठ वळली आणि शिफ्टच्या कळीवर आपटली. पुन्हा आपटली. आपटतच राहिला.

मी चिरक्या आवाजात ओरडलो. पडद्यावर एक चौकट उघडली.

हिलाल दचकून उभा राहिला. "सर, माझ्याकडून काहीतरी मोडलं."

सर धावत आले. चौकटीतला मजकूर त्यांनी एकदा वाचला, परत वाचला आणि हिलालच्या खांद्यावर हात ठेवला. "मोडलं नाही रे. ते तुला विचारतंय. एकाच बोटानं काम करायचं आहे का, असं विचारतंय. हो म्हण त्याला."

ती सोय मी पहिल्यापासून पोटात घेऊन बसलो होतो. शिफ्ट लागोपाठ अनेकदा दाबली की ती जागी होते. मग शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची आणि मग दुसरी कळ मारायची, तरी कंस उमटतो. कुणा दूरच्या माणसाने हिलालसारख्यांचा विचार करून ती माझ्यात घातली असेल. क्लासमध्ये इतकी मुले येऊन गेली, पण तिची गरज कोणालाच पडली नव्हती.

संध्याकाळी लिला आली. हिलालने तिला ते करून दाखवले. एक बोट, मग दुसरी कळ. ती बघत राहिली.

"मंग आते मन्हं काम सरनं," ती म्हणाली.

"तू तठे पापड लाटीसन दमस. आराम कर."

दुसऱ्या दिवशी काम आटोपून ती आली आणि स्टुलावर बसली. हात मांडीवर होते. डोळे पडद्यावर.

पुढच्या वर्षी सरांनी क्लाससाठी नवीन यंत्रे आणली. मी आणखी मागे पडलो. तोवर हिलालला त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातले सगळे येत होते, सरांपेक्षा थोडे जास्तच. धुळ्यात सरांचे एक मित्र होते, रुपचंदभाऊ. त्यांचे फोनचे बूथ होते आणि त्यांनी नुकतेच इंटरनेटचे कनेक्शन घेतले होते. दुकानदारांची, कारखान्यांची पाने बनवून देऊ, असे त्यांच्या मनात होते. बनवणारा माणूस मात्र मिळत नव्हता. सरांनी हिलालचे नाव सांगितले. आणि निघताना मला त्याच्या हवाली केले. "घेऊन जा. तुझ्या हाताला त्याची सवय झाली आहे."

मी जळगावहून धुळ्याला एसटीने गेलो. डबा हिलालच्या पायापाशी होता आणि माझा पडदा गोधडीत गुंडाळून लिलाच्या मांडीवर. एरंडोल गेले, पारोळा गेले. प्रत्येक खड्ड्याला लिला मला घट्ट धरी. कंडक्टरने विचारले, "बाई, टीव्ही का?"

"टीव्ही नही, मालकस्ना धंदा शे," लिला म्हणाली.

धुळ्यात रुपचंदभाऊंचे दुकान आग्रा रोडलगतच्या एका गल्लीत होते. पुढे फोनचे बूथ, मागे लाकडी फळीआड मी. लिलाला त्यांनी बूथवर बसवले. पहिले कित्येक महिने हिलाल आणि रुपचंदभाऊ स्कूटरवरून गिऱ्हाईक शोधत हिंडले. तेलाच्या मिलमध्ये गेले, हॉटेलात गेले, डॉक्टरांकडे गेले, दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन आले. सगळे चहा पाजत आणि विचारत, "आमच्याकडे फोन आहे, फॅक्स आहे. मग हे कशाला?" हिलाल समजावून सांगे. ते मान हलवत आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत. परत आला की तो माझ्यासमोर नुसता बसून राही. मला चालूही करत नसे. काम करून येणारा थकवा मी ओळखतो, मित्रांनो. काम नसल्याचा थकवा त्याहून जड असतो. तो माणसाच्या मानेवर बसतो.

असे चालले असताना एका सकाळी रुपचंदभाऊ हातात मोठे पाकीट घेऊन आले. चेहरा फुललेला. "हिलाल, पहिलं गिऱ्हाईक! जिनिंगवाले आहेत. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना कापसाच्या गाठी विकायच्या आहेत त्यांना. त्यांचा जावई म्हणाला, इंटरनेटवर पान पाहिजे."

हिलालने पाकीट उघडले. आत फोटो होते आणि इंग्रजीत टाइप केलेला एक कागद. पहिला फोटो कापसाच्या ढिगाचा. दुसरा गाठींचा. तिसऱ्या फोटोवर त्याचा हात थांबला. यंत्रांची एक रांग होती आणि कडेला भिंतीजवळ एक पट्टा. पट्टा उघडाच होता.

"ओळखीचं आहे का?" रुपचंदभाऊंनी विचारले.

"धरणगावचं आहे," हिलाल एवढेच म्हणाला.

पुढच्या बूथमध्ये कोणीतरी फोनवर मोठ्याने बोलत होते. हिलालने कागद वाचला. कारखान्याची जागा, कापसाची जात, गाठींचे वजन. शेवटी एक ओळ होती. तिचा अर्थ असा होता की आमच्या कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेची संपूर्ण काळजी घेतली जाते.

दुपारी लिला डबा घेऊन मागे आली. त्याने तिला फोटो दाखवला आणि ओळ वाचून दाखवली. लिलाने फोटो हातात घेतला नाही.

"पहिलं काम शे," हिलाल म्हणाला. "नही म्हनं ते रुपचंदभाऊ काय म्हनतीन? आपन खासूत काय? एक ओळ शे फक्त."

"लिखी टाका मंग," लिला म्हणाली. तिने डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. "पन तो हात कोठे झाकशात?"

तो जेवला नाही. दुपारभर काम करत राहिला. इतके सुंदर पान त्याने आधी कधी बनवले नव्हते. फोटो नीट बसवले, अक्षरे सारखी केली, कापसाच्या जातींचे तक्ते केले. एक बोट, मग दुसरी कळ. शेवटच्या ओळीशी आला आणि थांबला. पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली. मग त्याने ती जागा मोकळी ठेवून मला बंद केले.

चार दिवसांनी जीवरामशेठ पान बघायला आले. धोतर, पांढरी टोपी, मागे जावई. फळीआड वाकून आले आणि थबकले.

"अरे, हिलाल! तू इथं?" त्यांना खरोखरच आनंद झाला होता. "बरं झालं बाबा. हाताला काम लागलं. मला फार काळजी होती तुझी."

"बसा, शेठ."

रुपचंदभाऊंनी चहा मागवला. हिलालने पान उघडून दाखवले. शेठ पुढे झुकून आपला कापूस, आपल्या गाठी बघत राहिले. नावाची पाटी एवढी मोठी दिसताच जावयाकडे वळून हसले. मग त्यांनी खिशातून कागदाची प्रत काढली आणि बोट फिरवत ताडून पाहू लागले. बोट शेवटी थांबले.

"ही ओळ राहिली बघ."

"राहिली नाही, शेठ. मी ठेवली आहे."

"म्हणजे?"

"पट्ट्याला जाळी बसवली का?"

शेठच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "हिलाल, ही जाहिरात आहे. सगळेच लिहितात."

"लिहू देत. माझ्या हातानं नाही होणार."

त्याने हात लपवला नव्हता. तो टेबलावर, माझ्या कळांच्या शेजारी पडलेला होता. शेठनी त्याच्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

"तुझा दवाखाना मी केला," ते हळू आवाजात म्हणाले.

"केला. मी विसरलो नाही. त्या पट्ट्यावर आता कोण आहे?"

जावईच तावातावाने म्हणाला, "नाशिकला पन्नास जण बसलेत हे काम करायला." त्याने टेबलावरचे फोटो गोळा केले आणि दोघे निघून गेले. चहा आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या.

रुपचंदभाऊ बराच वेळ दारात उभे होते. मग आत आले. हिलाल म्हणाला, "भाऊ, मला काढून टाका. मी वाईट मानणार नाही."

"काढू कसा? दुसरा कोण आहे माझ्याकडे?" रुपचंदभाऊ धपकन बसले. "पण मला आधी सांगायचंस रे. मी एवढी स्वप्नं बघितली नसती." त्यांनी एक कप स्वतःकडे ओढला आणि दुसरा हिलालपुढे सरकवला.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते नुसते उकाड्याचे. गिऱ्हाईक नव्हते. रुपचंदभाऊ हिलालशी गोड बोलत, पण कमी बोलत. हिलालने तयार केलेले ते पान माझ्या पोटात तसेच पडून होते. लिला बूथवरून वळून मागे बघायची आणि पुन्हा पुढे वळायची. आपण चुकलो का, असे त्याने तिला एकदाही विचारले नाही, आणि तिनेही काही सांगितले नाही. एके दिवशी मात्र तो मला म्हणाल्यासारखा पुटपुटला, "दमलो रे." माझा पंखा फिरत राहिला.

पाऊस संपून नवा कापूस यायला लागला होता. एका दुपारी बूथपाशी धरणगावचा पुना उभा राहिला. हिलालच्या जागी तेल घालायचे काम आता तोच करत होता. केसांत रुईचे तंतू अडकलेले होते. हातात पाकीट होते.

"शेठनी देयेल शे," तो म्हणाला.

हिलालने पाकीट उघडले. एकच फोटो होता. यंत्रांची तीच रांग, भिंतीजवळ तोच पट्टा. पट्ट्यावर हिरव्या रंगाची नवी जाळी.

हिलालने फोटो उजेडात धरला. "फोटोपुरती ते नही ना बसाडी?"

"माले बी तसंच वाटनं. मी हलाडी देखी. बोल्ट मारेल शेतस."

"कसं काय पन?"

पुना स्टुलावर बसला. लिलाने पाणी दिले. ते पिऊन तो सांगू लागला. "शेठ आठून गयात तशे दोन दिन कोनासंगे बोलनात नही. मंग पट्टाजोडे येवून हुभा ऱ्हायनात. माले म्हने, पुना, तेल टाकीसन दखाड. मी मन्हा रोजना सारखा हात घाला. त्यासनी हात देखा नं वरडनात, थांब! पट्टा बंद करा, म्हने. बठ्ठं मशीन थांबनं. दुसरा दिन फिटर उना. फोटो मातर आते नवा हंगाममा काढा."

रुपचंदभाऊंनी चष्मा काढून पुसला. लिला पुनाच्या दोन्ही हातांकडे बघत होती, एकेक बोट डोळ्यांनी चाचपडत असल्यासारखी.

हिलालने मला चालू केले. पान उघडले, जुना फोटो काढून नवा बसवला आणि मोकळ्या ठेवलेल्या जागेवर आला. त्याने कागदावरचे वाक्य उतरवले नाही. त्याने लिहिले, आमच्या यंत्रांच्या पट्ट्यांवर संरक्षक जाळ्या बसवलेल्या आहेत.

रुपचंदभाऊ मागून वाचत होते. "शेठचं वाक्य संपूर्ण काळजीचं होतं."

"जेवढं आहे तेवढं लिहिलं, भाऊ."

रुपचंदभाऊंनी फोन लावून शेठना ओळ वाचून दाखवली. मग ते फोन ठेवत म्हणाले, "हीच ओळ राहू दे म्हणाले."

संध्याकाळी हिलालने ते पान इंटरनेटवर चढवले. तो चिरका, घरघरता आवाज करत मी एकेक फोटो ढकलत होतो आणि मध्येच लाइन तुटत होती. पुन्हा लावायची, पुन्हा ढकलायचे. शेवटी ते गेले. हिलालचे पहिले काम जगात गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. जीवरामशेठनी आपल्या ओळखीच्या जिनिंगवाल्यांना धुळ्याचे दुकान सांगितले. मग चोपड्याचे केळीवाले आले, एक शाळा आली. हिलालसाठी नवे यंत्र आले आणि मी लिलाकडे गेलो. होय, लिलाकडे. शेजारी बसून डोळ्यांनी तिने जे शिकून ठेवले होते, ते तिच्या दहा बोटांत भराभर उतरले. बूथवर दुसरी मुलगी बसली आणि लिला माझ्यासमोर पाने बनवू लागली. हिलाल तिच्या चुका काढी आणि ती त्याच्या.

मग माझी आठवण जाऊ लागली. लिहिलेले मी हरवू लागलो. लिलाने फार दिवस सांभाळून घेतले, शेवटी मला दुकानाच्या माळ्यावर ठेवले. ठेवताना तिने माझी प्रत्येक कळ पुसली. अजूनही ती कधीमधी मला थोडा वेळ चालू करून बघते. माझी तक्रार नाही. मी पुरेसा चाललो आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. माझ्यावर एखादे फडके टाकाल तर बरे वाटेल, नाही टाकलेत तरी चालेल. पण जी यंत्रे आज जोरात चालू आहेत, गरगर फिरत आहेत, त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. आम्ही यंत्रे कितीही हुशार दिसलो तरी एक गोष्ट आम्हाला कधीच कळत नाही. आत आला तो कापूस आहे की कुणाचे बोट, हे आम्ही ओळखू शकत नाही. ते तुम्हालाच ओळखावे लागेल.